कोरा सोडलेला कागद

जलरंगात पांढरा रंग नसतो, असं म्हटलं तर शाळेत इंटरमीजिएटच्या परीक्षेला बसलेले वाचक हसतील. त्यांच्या रंगपेटीत पांढऱ्याची ट्यूब होतीच की! पण पारदर्शक जलरंगाची जुनी शिस्त अशी की, जिथं पांढरं हवं तिथं कागद तसाच सोडायचा. एकदा त्यावर रंग चढला की तो उजेड परत मिळणं कठीण. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. पटलं मात्र टॉमस गर्टिन या इंग्रज चित्रकाराच्या ‘द व्हाइट हाउस ॲट चेल्सी’ या चित्रामुळं.

चित्र १८०० सालचं, लंडनच्या टेट संग्रहालयातलं. मी पाहत आलो ती त्याची पुस्तकातली छपाई. सांजवेळ आहे, टेम्स नदी संथ पसरली आहे, दूरचा काठ सखल. सगळं करड्या-निळ्या, मातकट छटांत बुडत चाललेलं आणि त्या काठावर एकच पांढरं घर. खाली पाण्यात त्याचं उभं प्रतिबिंब. आकाश बघायचं ठरवून बसलं तरी नजर फिरून त्या घरावरच येते.

हा गर्टिन शिकला कसा, ते वाचलं आणि मला फार बरं वाटलं. तो आणि टर्नर, दोघं १७७५ सालचे. विशीच्या आसपास ही दोन पोरं संध्याकाळी सहा ते दहा डॉ. मन्रो नावाच्या लंडनच्या एका हौशी डॉक्टरांच्या घरी बसून दुसऱ्याच्या चित्रांच्या नकला करायची. रेखाटन गर्टिनचं, रंगाचे हात टर्नरचे. टर्नरला एका रात्रीचे साडेतीन शिलिंग मिळत. समोर असायची जॉन रॉबर्ट कोझेन्सची आल्प्स आणि इटलीची निसर्गचित्रं. मोजक्याच करड्या, निळ्या, हिरव्या छटा, पण डोंगरावरची थंड हवा अंगाला लागावी अशी! कोझेन्स स्वतः मात्र १७९४ साली मनाचा तोल गमावून बसला होता. त्याच्यावर उपचार करत होते तेच डॉ. मन्रो. १७९७ साली तो गेला. आपल्या चित्रांवर कोण हात बसवतंय, हे त्याला कधी कळलं असेल का?

टर्नरनं खरे आल्प्स पाहिले ते १८०२ साली. त्याच वर्षी नोव्हेंबरात गर्टिन वारला, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी.

आपल्याकडे ‘नक्कल’ हा शब्द चित्रकाराला शिवीसारखा लागतो. गाण्यात तसं नाही. शिष्य वर्षानुवर्षं गुरूची तान गुरूसारखी घेतो, त्याला आपण तालीम म्हणतो. चित्रकारानं मात्र पहिल्या प्रदर्शनापासून स्वतंत्र असावं, ही अपेक्षा मला तरी अन्यायाची वाटते. गर्टिननं कोझेन्सकडून डोंगर घेतले नाहीत. घेतली ती रंगांची काटकसर, आणि ती नेली थेट आपल्या टेम्सवर.

निवृत्तीनंतर मी ते पांढरं घर कितीदा गिरवलं, त्याचा हिशेब नाही. ‘दुसऱ्याचं घर आणखी किती दिवस बांधणार?’ असं घरातून विचारणं झालं. टोमणा होता, पण प्रश्न खराच होता. रात्री तो डोक्यातून जाईना. गिरवण्यातून आपलं काही निघणारच नसेल, तर त्या रंगपेटीचा उपयोग काय?

श्रावणात आम्ही मेणवलीला गेलो. घाटावर बसलो. कृष्णेचं पाणी गढूळ, आभाळ भरलेलं, पलीकडे सगळा ओला हिरवा अंधार. त्यात समोरच्या काठावर कुणीतरी धोतर वाळत घातलेलं. मी आधी त्या धोतराएवढी जागा पेन्सिलीनं आखून घेतली आणि तिच्या चहूबाजूंनी रंग सोडत गेलो. आभाळ, झाडी, पाणी. त्या बोटभर जागेला ब्रश लागू दिला नाही.

कागद वाळल्यावर सौभाग्यवतींनी तो हातात घेऊन निरखला.

“अहो, एवढं रंगवायचं राहिलं का?”

“नाही,” म्हटलं, “ते धोतर आहे.”

तिनं एकदा पलीकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. “वाळलेलं दिसतंय,” म्हणाली.