ट्रकचा अप्पर: उजेड किती आणि कुठे

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या सीमेवरून भीमा वाहते आणि तिच्या दोन्ही अंगांना पुणे जिल्ह्यातील अवजड वाहतुकीचे दोन मोठे मार्ग आहेत. उत्तरेचा पुणे–अहिल्यानगर रस्ता सणसवाडी, शिक्रापूर आणि रांजणगाव येथील कारखान्यांचा माल वाहतो, तर दक्षिणेचा पुणे–सोलापूर महामार्ग यवत, चौफुला, पाटस आणि कुरकुंभवरून भिगवणकडे जातो. या दोहोंना जोडणारे न्हावरे–चौफुला यांसारखे आडवे रस्ते उसाच्या पट्ट्यातून जातात आणि गळीत हंगामात, म्हणजे साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, त्यांवर ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या एकाच वेळी चालत असतात. उसाच्या फडातून अचानक बाहेर येणारा बिबट्या हा या भागात कल्पनेतला धोका नव्हे. तथापि ट्रकचालकाच्या दृष्टीने त्याहून नित्याचा धोका मागे एकही दिवा नसलेल्या ट्रॉलीचा असतो. त्यामुळे मूळ हेडलाइटचा उजेड अपुरा वाटला की बाजारात मिळणारे वाढीव वॅटचे बल्ब, एलईडी संच किंवा केबिनच्या टपावरची एलईडी पट्टी बसवून घेण्याकडे ट्रकमालकांचा कल असतो. ही गरज खरी आहे. तिच्यावरचा प्रचलित उपाय मात्र बहुतेक वेळा चुकतो, कारण त्यात उजेड किती आहे याचा विचार होतो आणि तो कुठे पडतो याचा होत नाही.

गरज किती खरी आहे हे साध्या हिशेबाने दिसते. ताशी ८० किलोमीटर, म्हणजे मालवाहू वाहनांच्या वेगनियंत्रकाची कमाल मर्यादा, या वेगाने जाणारा ट्रक एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे सरकतो. अडथळा ओळखून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दोन सेकंद धरले, तर ४४ मीटर तेवढ्यातच संपतात. त्यानंतर भरलेल्या ट्रकचा वेग दर सेकंदाला चार मीटर प्रतिसेकंद इतका घटतो असे मानले, तर थांबेपर्यंत आणखी सुमारे ६२ मीटर लागतात. एकूण अंतर शंभर मीटरच्या पुढे जाते. डिपरचा, म्हणजे खाली झुकलेल्या झोताचा, उपयोगी उजेड मात्र सामान्यतः ४० ते ६० मीटरपर्यंतच पोहोचतो आणि गडद रंगाची, धुळीने माखलेली ट्रॉली तर त्याहूनही उशिरा दिसते. ताशी ६० किलोमीटर वेगालाही हेच अंतर ६८ मीटरच्या आसपास येते. अप्परशिवाय, म्हणजे दूरवर जाणाऱ्या झोताशिवाय, पूर्ण वेगाने जाणारा चालक म्हणजे आपल्या नजरेच्या पुढे धावणारा चालक होय.

हेडलाइटचे काम समजण्यासाठी दोन मापे वेगळी ठेवावी लागतात. दिवा सर्व दिशांना मिळून एकूण किती प्रकाश देतो याचे माप ल्यूमेन, आणि एका विशिष्ट दिशेने तो किती तीव्रतेने जातो याचे माप कँडेला. दूरचे दिसणे ल्यूमेनवर नव्हे तर कँडेलावर ठरते, कारण अंतर दुप्पट झाले की पडणारा प्रकाश चौथाईवर येतो. दोनशे मीटरवर एक लक्स, म्हणजे अंधुक पण उपयोगी प्रकाश, पाडायचा असेल तर त्या दिशेने ४०,००० कँडेला लागतात. चारशे मीटरवर तेवढाच प्रकाश हवा असेल तर १,६०,००० लागतात. युरोपात लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत एका वाहनाच्या सर्व अप्पर दिव्यांच्या एकत्रित तीव्रतेला ४,३०,००० कँडेलाची मर्यादा आहे. बाजारातील डब्यांवर मात्र ठळक अक्षरांत ल्यूमेनचा आकडा छापलेला असतो, आणि तो आकडा कितीही मोठा असला तरी प्रकाश रुंद पसरला तर दूरच्या अंधाराला त्याचा उपयोग नसतो. उलट जवळचा रस्ता झगमगून गेल्याने बुबुळाची बाहुली आकसते आणि दूरचा अंधार आणखी गडद होतो, म्हणजे पैसे देऊन नजर कमी करून घेण्यासारखेच हे होते.

मूळ दिव्याची रचना या दृष्टीने विचारपूर्वक केलेली असते. ट्रकमध्ये दीर्घकाळ चाललेला एच-४ हा हॅलोजन बल्ब १९७१ मध्ये आला. त्यात दोन तारा, म्हणजे फिलामेंट, असतात: एक परावर्तकाच्या केंद्राशी असते, ती अप्परची, दुसरी किंचित पुढे असते आणि तिच्याखाली धातूची लहानशी वाटी असते, ती डिपरची. वाटीमुळे परावर्तकाच्या खालच्या भागावर प्रकाश पडत नाही आणि पुढे गेलेला झोत वरच्या बाजूला ठळक रेषेवर कापला जातो. चोवीस व्होल्टच्या ट्रकमधील ७५/७० वॅटचा बल्ब अप्परला सुमारे १,९०० आणि डिपरला सुमारे १,२०० ल्यूमेन देतो. तारेची जागा मिलिमीटरच्या हिशेबाने ठरलेली असल्यामुळे तेथे दुसऱ्या आकाराचा प्रकाशस्रोत आला की सगळा झोत बिघडतो.

एवढे असूनही जुन्या ट्रकचा अप्पर पिवळा, मंद आणि थकलेला का दिसतो? याचे सर्वांत दुर्लक्षित कारण वायरिंगमध्ये असते. हॅलोजन बल्बचा प्रकाश विद्युतदाबाच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून कितीतरी वेगाने घटतो: दाब दहा टक्क्यांनी कमी झाला, म्हणजे इंजिन चालू असतानाच्या २८ व्होल्टऐवजी बल्बपर्यंत सुमारे २५ व्होल्टच पोहोचले, तर प्रकाश जवळजवळ तीस टक्के कमी होतो. दोन्ही दिव्यांचा पाच-सहा अँपिअर प्रवाह बारीक वायरमधून, डॅशबोर्डमागच्या झिजलेल्या स्विचमधून आणि गंजलेल्या बॉडी अर्थमधून फिरून आला की एवढा दाब वाटेतच खर्ची पडतो. याची परीक्षा स्वस्त आहे. इंजिन चालू ठेवून अप्पर लावावा आणि मल्टिमीटरने एकदा बॅटरीवर, एकदा होल्डरजवळ दाब मोजावा. फरक एका व्होल्टच्या पुढे असेल तर नवा दिवा घेण्याआधी वायर बदलणे शहाणपणाचे ठरते. त्यासाठी बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीजवळ फ्यूज आणि मध्ये रिले घालतात. रिले म्हणजे विद्युतचुंबकावर चालणारा स्विच. त्याच्यामुळे डॅशबोर्डच्या स्विचमधून नाममात्र प्रवाह जातो आणि मोठा प्रवाह जवळच्या वाटेने थेट दिव्याला मिळतो. जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियन हे काम थोड्या वेळात करतो आणि मूळ बल्बचाच उजेड वाढलेला पाहून ट्रकमालकाला नव्या दिव्याची गरज वाटेनाशी होते. कदाचित म्हणूनच हा उपाय विक्रेत्याकडून क्वचित सुचवला जातो.

वायरिंग तसेच ठेवून शंभर वॅटचा बल्ब घातला तर प्रवाह वाढतो, वाटेतली गळती आणखी वाढते, होल्डर वितळतो आणि प्लॅस्टिकच्या परावर्तकाची चकाकी जाते. आणखी एक चूक ट्रकपुरतीच आहे. चोवीस व्होल्टसाठी बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि बारा व्होल्टचे वाढीव दिवे त्यांतल्या एकीवरूनच काढले जातात. मग ती बॅटरी कायम अर्धपोटी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते आणि दोन्हींचे आयुष्य घटते.

एलईडी बल्बचा प्रश्न निराळा आहे. एलईडी तंत्र वाईट नाही. मुळातच एलईडीसाठी घडवलेला हेडलाइट हॅलोजनपेक्षा सरस असू शकतो. तारेच्या जागी बसवण्याच्या एलईडी बल्बमध्ये मात्र प्रकाश पातळ पट्टीच्या दोन बाजूंना लावलेल्या चिपांतून निघतो, त्यामुळे परावर्तकाच्या काही भागांना जास्त तर काहींना नगण्य प्रकाश मिळतो. परिणामी अप्परचा मध्यभागी एकवटलेला गाभा विरतो, डिपरची कापलेली रेषा पुसट होते आणि प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय बल्बच्या पाठीमागचा पंखा शेतरस्त्याच्या धुळीने अडला की चिप तापून मंदावतात. परदेशातून येणारे संपूर्ण हेडलाइट घेतानाही एक खबरदारी आवश्यक असते: उजव्या बाजूने वाहने चालणाऱ्या देशांसाठी बनवलेल्या डिपरचा झोत उजवीकडे वर चढतो, आणि भारतात समोरून येणारे वाहन नेमके तिकडेच असते.

टपावरच्या एलईडी पट्टीविषयी कायदा बराच स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १११ नुसार वाहनाच्या पुढे झोताचा दिवा बसवता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत त्याला नोंदणी प्राधिकाऱ्याची, म्हणजे आरटीओची, आधी परवानगी लागते. नियम १०६ तर ज्या डोळ्याला दिपवायचे नाही त्याची जागाच मोजून देतो: दिव्यापासून आठ मीटर पुढे, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंच. समोरच्या दुचाकीस्वाराचा डोळा साधारण याच उंचीवर येतो. एखाद्याचे डोळे तीन सेकंद दिपले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने त्याचे वाहन तेवढ्यात पन्नास मीटर आंधळेपणाने पुढे गेलेले असते. वयस्कर माणसाला सावरायला त्याहून अधिक वेळ लागतो. टपावरची पट्टी खुद्द ट्रकचालकालाही गैरसोयीची ठरते, कारण हिवाळ्यातील धुक्यात किंवा धुळीत तिचा प्रकाश थेट त्याच्या काचेसमोरून जातो आणि कणांवर आपटून परत येतो. परवानगी घेऊन जास्तीचा लांब पल्ल्याचा दिवा बसवायचाच असेल, तर तो बंपरच्या पातळीवर असावा, त्याचा झोत अरुंद असावा आणि त्याची जोडणी अप्परच्या वायरीतून असावी, म्हणजे डिपर देताच तो आपोआप विझतो. वेगळ्या बटणावरचा दिवा हात विसरला की जळतच राहतो.

झोताची दिशा लावणे हे काम बिनखर्चाचे, आणि म्हणूनच बहुधा राहून जाणारे. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर ट्रक उभा करावा. डिपरची कापलेली रेषा दिव्याच्या मध्यापेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे, म्हणजे उतार एक ते दीड टक्का. आता माल भरल्यावर मागचे पाटे पुढच्यापेक्षा दहा सेंटिमीटर जास्त दबले आणि चाकांमधील अंतर पाच मीटर असले, तर ट्रकचे नाक दोन टक्क्यांनी वर उचलले जाते. सगळा उतार संपून डिपरच अप्पर होतो. ऊस भरलेल्या ट्रकने डिपर देऊनही समोरचा चालक चिडून अप्पर मारत राहतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. बऱ्याच नव्या ट्रकमध्ये झोताची उंची केबिनमधून बदलण्याचे चक्र असते, ते भरल्या ट्रकला खाली आणि रिकाम्याला वर करावे. ते नसेल तर दिशा भरल्या ट्रकवर लावणे योग्य. धूसर झालेली दिव्याची काच आणि वायपरने ओरखडलेली पुढची काच यांची डागडुजी याच यादीत मोडते.

उजेड वाढवण्याची मर्यादा अखेर समोरच्या वस्तूपाशी येते. परावर्तक पट्टी आपल्यावर पडलेला प्रकाश जिकडून आला तिकडेच पाठवते, त्यामुळे मंद डिपरमध्येही ती दूरवरून चमकते. ट्रकच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे: चालकाचे डोळे दिव्यांच्या दीड मीटर वर असतात, मोटारीत ते जेमतेम अर्धा-पाऊण मीटर वर असतात, आणि परतलेला प्रकाश दिव्यांच्या भोवती एकवटलेला असल्याने तीच पट्टी ट्रकचालकाला मोटारचालकापेक्षा फिकी दिसते. उसाच्या ट्रॉलीवर तर ती बहुधा लोंबणाऱ्या वाढ्यांखाली दडलेली किंवा चिखलाने माखलेली असते. वाहनांवर परावर्तक असणे नियम १०४ नुसार बंधनकारक आहे. पण ते चासीवर खाली लावण्याऐवजी ट्रॉलीच्या मागच्या दोन्ही कडांना, मोळ्यांच्या बाहेर येईल अशा फळीवर किंवा सळीवर बांधले आणि कारखान्याच्या काट्यावर रिकामी झालेली ट्रॉली परत निघताना ओल्या फडक्याने पुसले, तर न्हावऱ्याकडून येणाऱ्या ट्रकचा जुना, पिवळा अप्परही तिला शंभर मीटरच्या बराच आधी गाठतो.