नवं यकृत, जुनं विरजण

१९३९ साली पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात कोरिनो आंद्राद या मज्जाविकारतज्ज्ञांनी ३७ वर्षांच्या एका बाईला तपासलं. ती पोवोआ दे वार्झीम या कोळ्यांच्या गावची. त्या किनाऱ्यावर तिच्या दुखण्याला ‘पावलांचा आजार’ असं घरगुती नावच होतं. आधी पावलांना गरम-गार कळेनासं होतं. मग बधिरपणा वर चढतो, वजन झडतं, उभं राहिलं की भोवळ येते आणि दहा-पंधरा वर्षांत माणूस जातो. आईबापांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला सदोष जनुक येण्याची शक्यता निम्मी. १९५२ मध्ये आंद्राद यांनी हा आजार जगापुढे मांडला.

दोष असतो तो ट्रान्सथायरेटिन या प्रथिनात. थायरॉइडचं संप्रेरक आणि ‘अ’ जीवनसत्त्व रक्तातून वाहून नेण्याचं काम ते करतं. त्याची बांधणी चार भागांची. जनुकातल्या एका चुकीने ती सैल पडते, भाग सुटे होतात, एकमेकांना चिकटतात आणि न विरघळणारे धागे बनून मज्जातंतूंत, आतड्यांत, हृदयात साचतात. हेच अमायलॉइड.

रक्तातलं हे प्रथिन जवळजवळ सगळं यकृतात तयार होतं. मग यकृतच बदललं तर? १९९० मध्ये स्टॉकहोमजवळच्या हुडिंगे रुग्णालयात तसं केलं गेलं आणि रक्तातलं सदोष प्रथिन खरोखरच जवळपास नाहीसं झालं. जगभर सुमारे दोन हजार रुग्णांवर हे प्रत्यारोपण झालं. वीस वर्षांनंतर त्यांतले निम्म्याहून अधिक हयात असल्याचं आंतरराष्ट्रीय नोंदवहीने दाखवलं. तरुणपणी आजार जडलेल्या आणि लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना तर अख्खा संसार परत मिळाला. ही कमाई मोठीच होती, आणि म्हणूनच पुढे जे दिसलं ते जिव्हारी लागणारं होतं.

काहींचं हृदय बिघडतच राहिलं. यकृत निरोगी, रक्तातलं प्रथिन निर्दोष, तरीही हृदयाच्या भिंती वर्षागणिक जाड होत गेल्या. का? घरातलं विरजण आठवावं. भांड्याच्या तळाशी चमचाभर दही उरलेलं असलं, की त्यावर कितीही ताजं दूध ओता, तेही दहीच होतं. हृदयात आधी साचलेलं अमायलॉइड असंच विरजणाचं काम करतं. नव्या यकृतातून आलेलं चांगलं प्रथिन त्याला लागतं आणि त्याचेही धागे होतात.

सगळ्यांचं विरजण सारखं आंबट नसतं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी उलगडलं. पोटाच्या कातडीखालची चिमूटभर चरबी काढून धागे तपासले, तर काहींत प्रथिन अखंड सापडतं, तर काहींत त्याचे तुकडेही मिसळलेले असतात. तुकडे असलेल्यांचं हृदय प्रत्यारोपणानंतर जास्त बिघडतं. उतारवयात आजार सुरू झालेले रुग्ण, विशेषतः पुरुष, बहुधा या गटात येतात. अशांपैकी काहींना यकृताबरोबर हृदयही बदलावं लागलं.

असं हृदय तपासताना एक विसंगती दिसते. सोनोग्राफीत भिंत जाडजूड, पण ईसीजीच्या रेषा मात्र बुटक्या. कारण जाडी स्नायूची नसते, मध्ये भरलेल्या अमायलॉइडची असते. खळ जास्त झालेल्या कापडासारखं हृदय ताठ होतं, सैल पडून रक्त भरून घेऊ शकत नाही. मग धाप लागते, पाय सुजतात. शिवाय ठोक्यांचा विद्युतसंदेश वाटेत अडतो. हे तरुण रुग्णांतही घडतं, प्रत्यारोपणानंतरही घडत राहतं, आणि अनेकांना पेसमेकर बसवावा लागतो. शस्त्रक्रियेतच नव्या यकृतात रक्त सोडताना नाडी एकदम मंदावू शकते, म्हणून काही ठिकाणी तात्पुरता पेसमेकर आधीच लावून ठेवतात.

आज टाफामिडिस हे औषध प्रथिनाची सैल बांधणी घट्ट धरतं, तर पॅटिसिरानसारखी औषधं यकृतातलं त्याचं उत्पादनच रोखतात, सदोष आणि निर्दोष दोन्ही. विरजणावर दूध पडणंच कमी होतं, आणि हे यकृत बदलून साधत नव्हतं. त्यामुळे प्रत्यारोपणं बरीच घटली आहेत. पण नव्वदच्या दशकात नवं यकृत घेतलेली माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांच्या यकृताचे अहवाल उत्तम असतील. तरीही दरवर्षी त्यांचा ईसीजी काढायला हवा, आणि जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागतो का, हे विचारायला हवं.