स्वतंत्र दालनांतील फंक्शने

वारंवार लागणाऱ्या आज्ञांच्या समूहास एक नाव देऊन ठेवतात; त्यासच फंक्शन म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेल या आज्ञाभाषेत अशी फंक्शने वापरणाऱ्यास स्वतः रचता येतात. २०२० साली आलेल्या तिच्या सातव्या आवृत्तीत एकच काम अनेक फायलींवर एकाच वेळी, वेगळे न सांगितल्यास पाच-पाच करून, चालविण्याची सोय झाली. परंतु बाहेर उत्तम चालणारे फंक्शन तेथे मात्र अनोळखी नाव म्हणून नाकारले जाते.

याचे कारण असे की, यातील प्रत्येक काम 'रनस्पेस' नावाच्या स्वतंत्र दालनात चालते. दालनास भाषेच्या मूळ आज्ञा ठाऊक असतात, बाहेर रचलेली नावे नसतात. ही काही उणीव नव्हे. दोन कामे एकाच क्षणी एकच नोंद बदलू लागली, तर ती नोंद बिघडते. मधली भिंत आहे ती त्याकरिता.

मग फंक्शन आत न्यावे कसे? त्याचा केवळ मजकूर आत पाठवावा आणि तेथे ते नव्याने रचावे. फंक्शने पुष्कळ असल्यास ती 'मॉड्यूल' नावाच्या फाईलीत ठेवून प्रत्येक दालनास ती वाचावयास लावणे अधिक सोयीचे. मजकूर पाठविताना, एक फंक्शन दुसऱ्यावर अवलंबून असेल, तर त्या दुसऱ्याचाही मजकूर द्यावा लागतो. आणि नेमका तोच पुष्कळदा राहून जातो.