कयाकचा वेग: घड्याळातला आणि समुद्रातला

सी-कयाक वल्हवणारे दोघं भेटले की पाच मिनिटांत वेगाचा विषय निघतो, आणि तिथून पुढे आकडे फुगायला लागतात. मनगटावरच्या जीपीएस घड्याळाने तर याला खतपाणीच घातलं आहे. ‘कमाल वेग १४.२’ अशी नोंद दिसली की सांगणारा ‘मी चौदाने मारतो’ म्हणून मोकळा होतो. तो आकडा खोटा नसतो. मागून एखादी लाट येते, होडीला उचलून चार-पाच सेकंद पुढे रेटते, तेव्हाचा तो असतो. उरलेल्या तीन तासांत त्याच घड्याळाने काय टिपलं, ते कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

खरे आकडे आधीच सांगून टाकतो. पाच ते साडेपाच मीटर लांबीची, साधारण ५५ सेंटिमीटर रुंदीची, तंबू-पाणी-शिधा भरलेली कयाक; वल्हवणारा बऱ्यापैकी सरावाचा; पाणी शांत. अशा वेळी दिवसभर टिकणारा वेग ३ ते ४ नॉट, म्हणजे ताशी साडेपाच ते जेमतेम साडेसात किलोमीटर. चार-सहा जणांचा गट असेल तर तिनाच्या जवळपास, कारण गट सगळ्यात मागे राहणाऱ्याच्या वेगाने जातो. ताशी नऊ किलोमीटरच्या वर, म्हणजे ५ नॉट, तासन्‌तास राखणारा माणूस कसलेला स्पर्धक असतो. त्यातही तो बहुधा सी-कयाकमध्ये नसून सर्फ-स्कीवर बसलेला असतो. ही जास्त लांब, बरीच अरुंद आणि हलकी अशी शर्यतीची होडी.

यानंतर हमखास पुढे येतं ते एक सूत्र. पाण्याला टेकलेल्या भागाची लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, १.३४ ने गुणायचं. येईल तो होडीचा कमाल वेग, नॉटमध्ये. १६ फुटांना साधारण ५.४ नॉट येतात. सूत्रामागचा विचार भक्कम आहे. होडी चालते तेव्हा पुढच्या टोकाशी लाट उठते. वेग वाढेल तशी ती लांबत जाते आणि शेवटी होडीइतकीच लांब होते. त्यापुढे वेग हवा तर होडीला स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर चढावं लागतं. इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूडने १८७० च्या दशकात टॉर्की इथे लांबलचक टाकी बांधून जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या, आणि जहाजाची लांबी, वेग व लाटा यांचं नातं पक्कं केलं.

गैरसमज सुरू होतो तो या आकड्याला भिंत मानण्यापासून. ऑलिंपिकमधली एकेरी शर्यतीची कयाक, के-१, नियमानुसार जास्तीत जास्त ५.२ मीटर लांब असते. सूत्राप्रमाणे तिला साडेपाच नॉटच्या, म्हणजे ताशी दहा किलोमीटरहून थोड्या जास्त वेगाच्या, पुढे जाता येऊ नये. टोकियो ऑलिंपिकमध्ये हंगेरीच्या बालिंट कोपासने १००० मीटरची अंतिम शर्यत जिंकली ती ३ मिनिटं २० सेकंदांच्या आसपास. भागाकार केला तर ताशी जवळपास १८ किलोमीटर! सूत्राची मर्यादा पावणेदोन पटीने मागे टाकून. कारण सूत्र आलं आहे रुंद, जड जहाजांकडून. के-१ सुरीच्या पात्यासारखी अरुंद आणि हलकी असल्यामुळे ती उठवते ती लाट अगदीच लहान असते, आणि तिच्यावर चढण्याचा खर्च परवडतो.

तो परवडतो कोपासला. तुम्हा-आम्हाला नाही, आणि त्याचं कारण होडीत कमी, शरीरात जास्त आहे. पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने. चारावरून पाच नॉटवर जायचं तर वेग वाढतो पाव पट आणि कष्ट होतात दुप्पट. लाटांचा भाग जमेला धरला तर आणखी वाढतात. म्हणून सरावाचा माणूसही चारावर गप्पा मारत वल्हवतो, पाचावर बोलणं बंद होतं आणि सहावर मिनिटं मोजू लागतो.

याच हिशेबातून दुसरी समजूतही डळमळते: होडी जितकी लांब तितकी वेगवान. तीन-साडेतीन नॉटला लाटांचा अडथळा फारसा नसतोच. पाण्याला घासणारा होडीचा पृष्ठभाग, हाच तिथे मुख्य अडथळा. होडी लांब तसा हा पृष्ठभागही बहुधा जास्त. त्यामुळे सहा मीटरची देखणी होडी घेऊन साडेतीन नॉटने फिरणारा माणूस पैसे देऊन घर्षण विकत घेत असतो. साडेचार-पाचाच्या पुढे नेमाने जाणाऱ्यालाच तिची लांबी फळते. अरुंदपणाचंही तसंच. तोल सांभाळताना वल्हं पाण्यात पूर्ण बुडतच नसेल, तर कागदावरची वेगवान होडी पाण्यात मंद ठरते. होडी विकणारा हे सहसा आपणहून सांगत नाही.

आता शर्यतींचे आकडे. इंग्लंडमधली डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर ही शर्यत १२५ मैलांची, म्हणजे २०१ किलोमीटरची. वाटेत कालव्यांचे दरवाजे वगैरे ७७ अडथळे, आणि तिथे होडी उचलून पळायचं. ब्रायन ग्रीनहॅम आणि टिम कॉर्निश या जोडीने १९७९ मध्ये ती १५ तास ३४ मिनिटांत संपवली. सरासरी ताशी तेरा किलोमीटरच्या जवळ जाते, पण ही दोघांची शर्यतीची होडी होती आणि मार्गाचा मोठा भाग थेम्स नदीच्या उताराच्या दिशेने आहे. हवाईतली मोलोकाई ते ओआहू सर्फ-स्की शर्यत ५२ किलोमीटरची. चांगल्या वर्षी अव्वल मंडळी ती साडेतीन तासांच्या आसपास पार करतात. हा वेग सपाट पाण्यावर त्यांनाही तेवढा वेळ राखता येणार नाही. तिथे वारा आणि लाटा पाठीशी असतात, आणि खरं कौशल्य एका लाटेवरून उतरून पुढची पकडण्याचं असतं. दक्षिण आफ्रिकेच्या ऑस्कर चालुप्स्कीने ही शर्यत बारा वेळा जिंकली, बाराव्यांदा २०१२ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. दंडाच्या ताकदीवरच सगळं अवलंबून असतं तर त्या वयात ते जमलं नसतं.

शर्यतीतला वेग घेऊन लांबच्या सफरीचा अंदाज बांधणं, ही मला सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. जर्मनीच्या फ्रेया हॉफमाइस्टरने २००९ मध्ये कयाकने ऑस्ट्रेलियाला पूर्ण वळसा घातला: सुमारे १३,७९० किलोमीटर, ३३२ दिवस. त्यातले प्रत्यक्ष वल्हवण्याचे दिवस २४५. म्हणजे दिवसाला सरासरी ५६ किलोमीटर. जगातल्या सर्वोत्तम दर्यावर्दी कयाकपटूंपैकी एकीचा हा आकडा आहे, आणि तोही रोज लांबलचक पल्ला मारून आलेला. अमेरिकेच्या एड जिलेटने १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरेहून हवाई गाठलं. जवळपास साडेतीन हजार किलोमीटर, ६३ दिवस. इथेही दिवसाला छप्पनच! चोवीस तासांनी भागलं तर ताशी अडीच किलोमीटरही भरत नाहीत. झोपणं, शिजवणं, वाहत जाणं, उलटा वारा, सगळं त्यात आलं.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर मुंबईच्या कौस्तुभ खाडेने २०१५ मध्ये मुंबई ते गोवा हे सुमारे ४०० किलोमीटरचं अंतर १७ दिवसांत कापलं. दिवसाला चोवीसच्या आसपास. कोकण किनाऱ्यावर हा आकडा अजिबात लहान नाही. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो तोवर समुद्र शहाण्यासारखा वागतो. दुपारी खारा वारा उठला की किनाऱ्याकडे लाटा येऊ लागतात आणि नाकासमोर जाणं अवघड होतं. समोरून १५ नॉटचा वारा असेल तर नॉट-दीड नॉट वेग सहज उतरतो. चारातून दीड गेला तर हातात काय राहिलं ते पाहा. शहाणा माणूस पहाटे निघतो आणि दुपारपर्यंत वाळूला लागतो. तेवढेच कामाचे तास.

भरती-ओहोटीबद्दल एक गोड समजूत आहे: जाताना प्रवाहाने दिलं ते येताना घेतलं, हिशेब फिटला. फिटत नाही. खाडीत सहा किलोमीटर वर जायचं आणि परत यायचं, तुमचा वेग ताशी सहा. पाणी स्थिर असेल तर दोन तास लागतील. आता ताशी तीन किलोमीटरचा प्रवाह आहे असं धरा. जाताना तो पाठीशी, वेग नऊ, चाळीस मिनिटांत मुक्कामी. येताना प्रवाह समोरून, वेग तीन, दोन तास. एकूण दोन तास चाळीस मिनिटं. प्रवाहाविरुद्ध जाण्यात वेळ जास्त जातो, म्हणून तो जास्त काळ खातो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीच्या तोंडाशी पाणी आणखी जोरात वाहतं, आणि प्रवाह तुमच्या वेगाइतका झाला की वल्ही चालू असूनही काठावरचं झाड हलत नाही. मच्छीमार उधाण आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची मंद भरती-ओहोटी) बघूनच होडी काढतात. कयाकवाल्यांनीही भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावरच बेत आखावा. पाणी फिरेपर्यंत थांबून परत निघालं तर परतीचे ते दोन तास घटून चाळीस मिनिटांवर येतात, आणि मधल्या वेळात डबा खाऊन होतो.

स्वतःचा वेग मोजायचा असेल तर सामान भरून मोजा, रिकाम्या होडीने नाही. एकच पल्ला जाऊन-येऊन दोनदा मारा आणि एकूण अंतराला एकूण वेळेने भागा. भागाकार करताना पहिला तास सोडून द्या. ताज्या हातांचा आकडा नेहमी चढा येतो. तिसऱ्या तासाला जो वेग दिसेल त्यातून दर तासाला दहा मिनिटं थांबण्याची वजा करा. बऱ्याच जणांना तिथे ताशी पाच किलोमीटर सापडतात, आणि समुद्रावरचा पल्ला त्याच आकड्यावर आखायचा असतो.