घटत्या तुकड्यांच्या काळातील सेनापती : एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांच्या कारकिर्दीचा मागोवा

नांदेड-लातूरचा प्रदेश लष्करी भरतीच्या इतिहासात फारसा ठळक नाही. सातारा-कोल्हापूरकडे घराण्याघराण्यांतून चालत आलेली फौजेची परंपरा निजामी राजवटीखालील मराठवाड्यात त्या प्रमाणात रुजली नव्हती आणि भारतीय हवाई दलाशी या भागाचा लक्षणीय संबंध आला तोही सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईत, म्हणजे हैदराबाद संस्थान भारतात विलीन करून घेण्यासाठी झालेल्या मोहिमेत. अशा प्रदेशातील, नांदेड जिल्ह्याच्या हदगाव तालुक्यातील हस्तरा हे मूळ गाव असलेले विवेक राम चौधरी ३० सप्टेंबर २०२१ रोजी देशाचे सत्ताविसावे हवाई दलप्रमुख झाले आणि बरोबर तीन वर्षांनी त्या पदावरून निवृत्त झाले. एअर चीफ मार्शल हा त्यांचा हुद्दा भूदलातील जनरलच्या बरोबरीचा. त्यांच्या नियुक्तीचे जिल्ह्यात कौतुक झाले ते साहजिकच होते. मात्र ‘भूमिपुत्र’ या एका शब्दात त्या कारकिर्दीची बोळवण केली, तर त्यांच्या वाट्याला आलेला काळ किती अडचणीचा होता हे नजरेआड होते.

४ सप्टेंबर १९६१ रोजी जन्मलेले चौधरी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या ६१ व्या तुकडीचे विद्यार्थी. याच तुकडीतील मनोज पांडे पुढे भूदलप्रमुख आणि आर. हरी कुमार नौदलप्रमुख झाले, त्यामुळे एप्रिल २०२२ पासून दोन वर्षे तिन्ही दलांची सूत्रे एकाच वेळी शिकलेल्या तिघांच्या हाती होती. प्रबोधिनीच्या पूर्वतयारीसाठी राज्य सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादला सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली, तरी मराठवाड्यातील हुशार मुलांचा ओढा वैद्यकीय आणि अभियांत्रिकीकडेच राहिला. ‘लातूर पॅटर्न’ची सारी ख्याती याच दोन शाखांच्या प्रवेश परीक्षांवर उभी आहे आणि वैमानिकाची वाट त्या नकाशात अजूनही कडेलाच आहे. उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला ते १९८२ हेच वर्ष चौधरींच्या सेवारंभाचे. २९ डिसेंबर १९८२ रोजी ते हवाई दलाच्या लढाऊ विमान शाखेत अधिकारी म्हणून दाखल झाले.

त्यांच्या नावावर ३,८०० तासांहून अधिक उड्डाण आहे आणि मोहिमांवरील उड्डाणे ज्या चार विमानांवर झाली, त्यांच्या क्रमातच हवाई दलाच्या चाळीस वर्षांच्या वाटचालीचा आलेख दिसतो. मिग-२१ हे १९६३ मध्ये दाखल झालेले, एका इंजिनाचे, त्रिकोणी आखूड पंखांचे विमान. ते चपळ खरे, पण धावपट्टीवर उतरताना त्याचा वेग इतका असे की नवख्या वैमानिकाला चुकीची सवड मिळत नसे. मिग-२३ एमएफ हे पाकिस्तानला मिळालेल्या एफ-१६ विमानांना उत्तर म्हणून १९८० च्या दशकाच्या प्रारंभी घेतले गेले. त्याचे पंख उड्डाण चालू असतानाच मागे-पुढे वळवता येत आणि दृष्टीच्या टप्प्यापलीकडील लक्ष्यावर सोडायची क्षेपणास्त्रे ते वाहून नेई. १९८७ मध्ये आलेले दोन इंजिनांचे मिग-२९ आणि या शतकाच्या आरंभी आलेले सुखोई-३० एमकेआय ही त्यापुढची पायरी. यांपैकी मिग-२९ शी चौधरींचा संबंध सर्वांत निकटचा होता, कारण त्याच विमानाच्या एका स्क्वाड्रनमध्ये ते फ्लाइट कमांडर होते आणि पुढे मिग-२९ च्याच स्क्वाड्रनचे कमांडिंग ऑफिसर झाले. स्क्वाड्रन म्हणजे साधारण सोळा ते अठरा विमानांची, स्वतःचे वैमानिक आणि तंत्रज्ञ असलेली तुकडी. हवाई दलाची ताकद याच एककात मोजली जाते.

सियाचेनवरील ‘मेघदूत’ आणि कारगिल युद्धातील ‘सफेद सागर’ या दोन्ही मोहिमांत चौधरींनी उड्डाणे केली ती हवाई संरक्षणाची. शत्रूची विमाने आपल्या हद्दीत शिरू नयेत किंवा आपल्या बॉम्बफेकी विमानांवर झडप घालू नयेत म्हणून आकाशात पहारा देणे, असे या कामाचे स्वरूप असते. मे १९९९ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘सफेद सागर’मध्ये नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असे बंधन होते; त्यामुळे मिराज-२००० विमाने शिखरांवरील ठाण्यांवर लेझर-निर्देशित बॉम्ब टाकत असताना पहाऱ्यावरील मिग-२९ विमानांना घिरट्या घालत सज्ज राहावे लागे. असा पहारा यशस्वी झाला की सांगण्यासारखे काहीच घडलेले नसते, म्हणून युद्धकथांत त्याला जागा मिळत नाही. पण चौधरींची पुढची घडण याच कामातून झाली असे म्हणता येते. मुख्यालयात हवाई संरक्षणाच्या कारवायांचे सहायक प्रमुखपदही पुढे त्यांच्याकडे आले.

त्यांच्या सेवेचा दुसरा धागा अध्यापनाचा आहे. उड्डाण प्रशिक्षकांतील सर्वोच्च, म्हणजे ‘अ’ श्रेणी त्यांना मिळालेली होती आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे प्रशिक्षक व परीक्षक म्हणूनही त्यांनी काम केले. ढगांत किंवा अंधारात बाहेरचे काही दिसत नसताना केवळ समोरच्या तबकड्यांवर विसंबून विमान चालवण्याची पात्रता म्हणजे हे रेटिंग होय. अशा वेळी कानातील तोलाची जाणीव फसवते, विमान कललेले असूनही सरळ वाटते, आणि शरीर सांगते त्याऐवजी काटा सांगतो ते खरे मानण्याची शिस्त अंगी बाणवावी लागते. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात आणि झांबियातील लुसाका येथील तशाच महाविद्यालयात त्यांनी लष्करी अधिकाऱ्यांना शिकवले. ‘सूर्यकिरण’ या प्रात्यक्षिक पथकातही ते वैमानिक होते. १९९६ मध्ये उभारलेल्या या पथकाचा तळ लातूर-नांदेडच्या सीमेला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यात. उदगीर-देगलूरच्या माणसाला लष्करी विमानाचे सर्वांत जवळचे ठिकाण तेच. नऊ किरण विमाने एकमेकांपासून अवघ्या काही मीटरांवर ठेवून उडवण्यात धाडसापेक्षा जागा न सोडण्याची सवय अधिक लागे. प्रेक्षक मात्र टाळ्या धाडसाला देत.

वरिष्ठ पदांचा प्रवास नेहमीच्या पायऱ्यांनी झाला. त्यातील महत्त्वाची पायरी पश्चिम हवाई कमांडची. लडाख ते पंजाब या पट्ट्याची जबाबदारी असलेल्या या कमांडची सूत्रे त्यांनी १ ऑगस्ट २०२० रोजी घेतली, तेव्हा चिनी सैन्याशी झालेल्या गलवानच्या चकमकीला दीड महिनाच झाला होता आणि पहिली पाच राफेल लढाऊ विमाने तीनच दिवसांपूर्वी अंबाल्याला उतरली होती.

प्रमुखपदाच्या तीन वर्षांत घडामोडी पुष्कळ झाल्या. युक्रेनमधील विद्यार्थ्यांना आणणाऱ्या ‘गंगा’ मोहिमेत हवाई दलाची सी-१७ विमाने वापरली गेली. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमधील वादी सय्यिदना येथे, धावपट्टीवर दिवे नसताना आणि मार्गदर्शक यंत्रणा बंद असताना, रात्रदर्शी चष्म्यांच्या आधारे सी-१३०जे उतरवून १२१ जणांना बाहेर काढण्यात आले. देशी बनावटीची ‘प्रचंड’ हेलिकॉप्टरे दाखल झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये स्पेनमधील सेव्हिल येथे पहिले सी-२९५ मालवाहू विमान चौधरींनी स्वतः ताब्यात घेतले. याच काळात, मार्च २०२२ मध्ये, एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून पाकिस्तानात जाऊन पडले आणि चौकशीअंती तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढण्यात आले. ही नामुष्की चौधरींच्या खात्यावर मांडावीच लागेल. त्यांच्या कारकिर्दीतील टिकाऊ निर्णय म्हणून मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या शस्त्रप्रणाली शाखेचे नाव घ्यावे लागते. क्षेपणास्त्रे आणि वैमानिकरहित विमाने चालवणारे अधिकारी, तसेच दोन आसनी विमानांतील शस्त्रे हाताळणारे अधिकारी तिच्यामुळे एका छत्राखाली आले. स्वातंत्र्यानंतर हवाई दलात निघालेली ही पहिलीच नवी कार्यकारी शाखा असूनही वर्तमानपत्रांत तिची चर्चा प्रचंडच्या सोहळ्याच्या मानाने नगण्य झाली.

तिन्ही दलांच्या एकत्रित, प्रदेशनिहाय थिएटर कमांडच्या प्रश्नावर त्यांची भूमिका प्रक्रियेला विरोध नाही, रचनेबद्दल शंका आहेत अशी होती. मंजूर ४२ स्क्वाड्रनांऐवजी जेमतेम ३१ हाताशी असताना तीच विमाने निरनिराळ्या कमांडांत वाटून टाकली, तर गरजेच्या ठिकाणी ती एकवटायची कशी, हा हवाई दलाचा जुना मुद्दा आणि तो बिनतोड नसला तरी वजनदार आहे. ३६ वे राफेल डिसेंबर २०२२ मध्ये आले, पण मिग-२१ च्या स्क्वाड्रन एकेक करून बंद होत गेल्या आणि त्यांची जागा घ्यायची ती देशी तेजस मार्क-१ए लढाऊ विमाने इंजिनांच्या पुरवठ्यात अडकली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अशा ८३ विमानांचा करार झाला होता. त्यांतील पहिल्याने मार्च २०२४ मध्ये उड्डाण केले खरे, पण ३० सप्टेंबर २०२४ रोजी चौधरींनी ए. पी. सिंग यांच्याकडे सूत्रे सोपवली तोवर एकही हवाई दलाच्या ताब्यात आले नव्हते. पुढच्या वर्षी २५ सप्टेंबरला आणखी ९७ मार्क-१ए विमानांचा करार झाला, आणि दुसऱ्याच दिवशी चंडीगडला शेवटच्या दोन स्क्वाड्रनांसह मिग-२१ निवृत्त झाले. स्क्वाड्रनांचा आकडा २९ वर आला; पहिल्या करारातील विमानांची प्रतीक्षा तेव्हाही चालूच होती.