राहिलेला अंक कसा शोधायचा?

क्रोम ब्राउझरमधून एक्सएसएलटी, म्हणजे एक्सएमएल मजकुराचं रूपांतर करण्याची भाषा, काढून टाकणार, असं गूगलने २०२५मध्ये जाहीर केलं आणि ही भाषाच संपली, असा सूर लागला. तो चुकीचा आहे. ब्राउझर अडकले होते ते १९९९च्या १.० आवृत्तीत. भाषा मात्र २०१७मध्ये ३.०पर्यंत पोहोचली. त्या आवृत्तीचे संपादक मायकेल के यांचं ‘सॅक्सन’ हे सॉफ्टवेअर ती आजही चालवतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ग्रंथनोंदींच्या रूपांतरासाठी याच भाषेतल्या स्टाइलशीट दिल्या आहेत.

ग्रंथालयाचंच उदाहरण घेऊ. एका मासिकाच्या अंकांच्या तीन नोंदी आहेत: १ ते १००, २० ते ३० (जादा प्रती) आणि १०१ ते १५०. मधला एखादा अंक राहिला आहे का?

सुरुवातीच्या आकड्यानुसार क्रम लावून शेजारच्या नोंदी ताडल्या, तर ३०नंतर एकदम १०१ दिसतो. पण ही फट खोटी आहे. ३१ ते १०० पहिल्याच नोंदीत आहेत. तुलना करायची ती तोवर गाठलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याशी. शिवाय १.०मध्ये ‘संख्या’ असं बजावलं नाही, तर क्रम मजकुरासारखा लागतो आणि १०१ हा २०च्या आधी येतो.

या भाषेत चलाची किंमत एकदा ठरली की बदलत नाही. म्हणून तो सर्वांत मोठा आकडा १.०मध्ये स्वतःलाच हाक मारणाऱ्या टेम्प्लेटमधून पुढे न्यावा लागे, ३.०मध्ये ‘आयटरेट’ ही सूचना ते काम सरळ करते.

मला त्याहून भावते ती क्रमच न लावणारी रीत. प्रत्येक नोंदीच्या शेवटच्या आकड्यात एक मिळवा. तो आकडा कुठल्याच नोंदीत बसत नसेल आणि त्याच्यापुढे एखादी नोंद सुरू होत असेल, तर फट तिथूनच सुरू होते. एक्सएसएलटीत नोंदी निवडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एक्सपाथच्या एका ओळीत हे मावतं. लाखो नोंदी असतील तर प्रत्येकीची सगळ्यांशी तुलना महाग पडते. तिथे क्रम लावणंच बरं.

मात्र ‘एक मिळवा’ हे पूर्णांकांपुरतंच खरं. अंक १८ आणि १९ यांच्यामध्ये काही नसतं. पार्सलचं वजन मात्र साडेअठरा किलो भरू शकतं. दरपत्रकात ‘१८पर्यंत’ आणि ‘१९पासून’ असं लिहिलं असेल, तर ते पार्सल कुठल्याच दरात बसत नाही. आकडे मोजीव आहेत की मापाचे, हे कोणतीही आवृत्ती आपल्यासाठी ठरवणार नाही. डेटा शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात हा प्रश्न कोडच्या आधी विचारला गेला पाहिजे.