सणाच्या पंगतीसाठी चीज घातलेली बेक्ड भाजी

नाताळ किंवा पुनरुत्थानाचा सण जवळ आला की आपल्या बहुतेक ख्रिस्ती घरांतील स्वयंपाकाचा विचार मटणापासून सुरू होतो व मटणापाशीच संपतो. त्यात वावगे काही नाही. परंतु जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत, जेथे एखाद्या गावात आपली घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात, तेथे यातून एक अडचण निर्माण होते. हा प्रदेश वारकऱ्यांचा आहे. ओतूर येथे संत तुकाराम महाराजांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. ज्या रेड्याच्या मुखी ज्ञानेश्वर माउलींनी वेद वदविले अशी श्रद्धा आहे, त्याची समाधी आळे येथे आहे. गळ्यात तुळशीची माळ असलेला शेजारी दिवाळीत आपल्या घरी फराळाचे ताट आवर्जून पाठवितो. नाताळात मात्र तो आपल्या घरी येतो, शुभेच्छा देतो, एखादी करंजी घेतो आणि जेवण न करताच परत जातो. केकमध्ये अंडे असते, म्हणून केकही तसाच राहतो.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात नेमका हाच विषय हाताळला आहे. अमुक अन्न खाण्याची आपणांस मोकळीक आहे एवढ्याने प्रश्न सुटत नाही; आपल्या शेजारी बसलेल्या बंधूच्या सद्‌सद्‌विवेकाला ठेच लागू नये हेही पाहावे लागते, असा त्याचा आशय आहे. करिंथ येथील वाद मूर्तींना अर्पण केलेल्या मांसाचा होता व आपला तसा नाही, हे मान्य करूनही ही दृष्टी आपल्या स्वयंपाकघरात उपयोगी पडते असे आम्हांस वाटते. सणाच्या पंगतीत मटणाच्या जोडीने असा एक पदार्थ असावा, जो माळकरी शेजाऱ्यालाही निःशंकपणे वाढता येईल व जो केवळ त्याच्यासाठी वेगळा केलेला, उपरा असा वाटणार नाही. चीज घालून भट्टीत भाजलेली मिश्र भाजी हा तसा पदार्थ आहे. शहरातील आपल्या घरांत तिला नुसते ‘बेक डिश’ म्हणतात. मूळ पद्धत फ्रान्समधील असून तिचे तेथील नाव ‘खरवडणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आले आहे. भांड्याच्या कडेला चिकटलेला खमंग थर खरवडून खाण्यात जी गोडी आहे, ती आपल्याकडे भाताची खरवड खाणाऱ्यास समजावून सांगावी लागणार नाही.

या पदार्थाचे जवळजवळ सर्व साहित्य याच दोन तालुक्यांत मिळते. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या कुकडी प्रकल्पातील धरणांच्या पाण्यामुळे येथे तरकारीची शेती मोठ्या प्रमाणावर होते. आंबेगावच्या सातगाव पठारावरचा बटाटा प्रसिद्ध आहे. फ्लॉवर, गाजर, श्रावण घेवडा ही भाजी मंचर व नारायणगाव येथील बाजारांत येते. आणि चीज म्हणजे दूरदेशीची वस्तू असे मानण्याचेही कारण नाही. १९९२ साली मंचर येथे सुरू झालेल्या पराग मिल्क फूड्सचा कारखाना तेथेच चीज तयार करतो. आपल्यापैकी अनेकांच्या गोठ्यातील दूध ज्या टँकरने जाते, तेच कोठेतरी चीज होऊन दुकानात परत येते.

चीजविषयी एक गोष्ट यजमानाने जाणून घेणे आवश्यक आहे. चीज करताना दूध घट्ट करण्यासाठी रेनेट नावाचे द्रव्य वापरतात. पूर्वी ते वासराच्या जठरातून काढीत. परदेशातील काही चीजमध्ये आजही तसेच असते. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेट असते व त्या वेष्टनावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असतो. तो पाहूनच चीज घ्यावे. मटणासाठी वापरलेला डाव किंवा पातेले या भाजीला लावू नये. पाहुणा विचारणार नाही. परंतु न विचारता सांगितले तर तो निश्चिंत होऊन जेवेल. काही माळकरी चातुर्मासात वा एरवीही कांदा-लसूण वर्ज्य करतात. या पदार्थाला दोहोंची गरज नाही, आणि अंड्याचीही नाही.

दहा-बारा माणसांना तोंडी लावण्यापुरते प्रमाण असे : फ्लॉवर अर्धा किलो, बटाटे पाव किलो, गाजर व श्रावण घेवडा प्रत्येकी १५० ग्रॅम, मटारदाणे १०० ग्रॅम, सॉससाठी लोणी ५० ग्रॅम, मैदा ५० ग्रॅम, दूध ६०० मिलिलिटर, चीज २०० ग्रॅम, मिरपूड, किंचित जायफळ, मीठ, आणि दोन शिळ्या पावांचा चुरा. बीट घालू नये, संपूर्ण भाजी गुलाबी होते.

हा पदार्थ बिघडतो तो बहुधा पाण्यामुळे. भाज्या एकाच वेळी उकळत्या पाण्यात टाकल्या तर बटाटा कच्चा राहतो आणि फ्लॉवरचा लगदा होतो. म्हणून बटाट्याच्या फोडी व गाजर आधी शिजत घालावे, मग घेवडा, शेवटी फ्लॉवर व मटार. भाजी थोडी कमीच शिजवावी, कारण पुढे ती भट्टीत आणखी शिजणार आहे. नंतर ती चाळणीत उपसून, स्वच्छ फडक्यावर दहा मिनिटे पसरून पूर्ण निथळू द्यावी. ही दहा मिनिटे वाचविण्याचा मोह पुष्कळांना होतो व मग ताटात पांढरे पाणी सुटते.

सॉससाठी लोणी मंद आचेवर वितळवून त्यात मैदा दोन मिनिटे परतावा. रंग बदलू देऊ नये. मैद्याच्या कणाकणाला लोण्याचा लेप बसला की दूध ओतताना गुठळ्या होत नाहीत. दूध थोडे थोडे घालीत सतत ढवळावे. पिठातील पिष्ट गरम दुधात फुगते व मिश्रण दाट होते. उकळी आल्यावरही तीन-चार मिनिटे शिजवावे, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. आता भांडे आचेवरून उतरवावे आणि त्यानंतरच तीन चतुर्थांश चीज किसून मिसळावे. उकळत्या सॉसमध्ये चीज टाकल्यास त्यातील प्रथिने आकसतात, तूप वेगळे सुटते व सॉस रवाळ होतो. चीजमध्ये मीठ असतेच, म्हणून चव पाहिल्याशिवाय वेगळे मीठ घालू नये.

नारायणगावच्या टोमॅटोचे काय, असे कोणी विचारील. तो दुधाच्या सॉसमध्ये शिजवू नये. आंबटपणामुळे दूध फाटण्याची भीती असते. बिया काढून त्याच्या चकत्या वरून लावाव्यात, अथवा सरळ कोशिंबीर करावी.

लोणी लावलेल्या उथळ भांड्यात भाजी पसरून वर सॉस ओतावा. पावाचा चुरा चमचाभर लोण्यात परतून, उरलेल्या चीजसह वर पेरावा व २०० अंश सेल्सिअस तापलेल्या ओव्हनमध्ये वीस ते पंचवीस मिनिटे ठेवावे. ओव्हन नसेल त्यांनी निराश होऊ नये. जाड बुडाच्या मोठ्या कढईत मिठाचा थर पसरून, त्यावर तिवई ठेवून, झाकण घालून दहा मिनिटे कढई तापवावी व आत भांडे ठेवून मध्यम आचेवर अर्धा तास भाजावे. येथे वरून आच नसल्याने वरचा थर लालसर होत नाही. म्हणून चुरा आधीच चांगला तांबूस परतून घ्यावा. नानकटाईची ताटे जवळच्या बेकरीत नेण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. त्याच फेरीत हेही भांडे नेता येईल. भट्टीतील पाव निघाल्यानंतरची निवणारी आच या भाजीला फार मानवते.

ही भाजी प्रायश्चित्त काळातील शुक्रवारी चालेल काय? चालेल. पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली दिलेल्या नियमांनुसार व प्रचलित धर्मसंहितेनुसार वर्ज्य आहे ते मांस. दूध, लोणी, चीज नव्हे. मध्ययुगात मात्र तेही वर्ज्य असे. फ्रान्समधील रुआँ येथील कॅथेड्रलच्या एका मनोऱ्याला ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात. त्या काळात लोणी खाण्याची सवलत मिळावी म्हणून श्रीमंतांनी दिलेल्या पैशांतून तो उभा राहिला, असे सांगितले जाते. नियम परवानगी देतो हे खरे, तथापि २०० ग्रॅम चीज घातलेल्या ताटाला उपवास म्हणणे आम्हांस थोडे अवघड वाटते. शुक्रवारी पिठले-भाकरी बरी.

नाताळाच्या मध्यरात्रीच्या मिस्साहून परतल्यावर एवढा खटाटोप कोणी करणार नाही. म्हणून २४ तारखेस दुपारीच भाजी व सॉस भांड्यात भरून, गार झाल्यावर झाकून फ्रीजमध्ये ठेवावे. चुरा वेगळ्या डब्यात ठेवावा, नाहीतर तो भिजतो. सकाळी भांडे तासभर आधी बाहेर काढावे, वर चुरा व चीज पेरावे आणि नेहमीपेक्षा दहा मिनिटे अधिक भाजावे. भट्टीतून काढल्यावर लगेच वाढू नये. दहा मिनिटे थांबल्यास सॉस आळून बसतो व वड्यांप्रमाणे तुकडे काढता येतात. तेवढ्या वेळात शेजाऱ्यांना हाक मारून यावे.